पेशी दाखवायची तर जिवंत दाखवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत पेशीवरचा सचित्र लेख वाचला. शाळकरी मुलांसाठी असं काही नेमानं छापलं जातं, याचा मला मनापासून आनंद आहे. लेखात केंद्रकाला, तंतुकणिकांना, हरितलवकांना प्रत्येकी चांगला परिच्छेद मिळाला. रिक्तिकेच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली: पाणी, अन्न आणि टाकाऊ पदार्थ साठवणारी पिशवी. सोबतच्या चित्रात वनस्पतिपेशीची रिक्तिका केंद्रकाएवढीच काढली होती, तीही एका कडेला. पूर्ण वाढलेल्या बहुतेक वनस्पतिपेशींत आतली ८० ते ९० टक्के जागा एकट्या रिक्तिकेची असते. बाकी सगळं, म्हणजे पेशीद्रव्य, केंद्रक, लवकं, तंतुकणिका, तिच्या आणि पेशीभित्तिकेच्या मधल्या पातळ थरात दाटीवाटीनं राहतं. चित्राचं प्रमाण इतकं चुकलं की पेशी जगते कशी, याची समजही तिथेच चुकते. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

मी महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते, आता निवृत्त आहे. शिकवण्याचं काम प्राध्यापकांचं. माझं काम मायक्रोस्कोप पुसून मांडायचे, द्रावणं करायची, पापुद्रे काढून ठेवायचे आणि वर्ग भरण्याआधी प्रत्येक स्लाइड एकदा स्वतः पाहून घ्यायची. या शेवटच्या कामामुळे जिवंत पेशी आणि मेलेली पेशी यांतला फरक डोळ्यांत बसला आहे. आणि माझं ठाम मत आहे की आपले बहुतेक विद्यार्थी शाळा-कॉलेज संपेपर्यंत मेलेलीच पेशी पाहतात.

कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. पापुद्रा काढायचा, काचपट्टीवर ठेवायचा, वर आयोडीनचा थेंब, मग कव्हरस्लिप. आयोडीनमुळे केंद्रक पिवळट-तपकिरी होऊन स्पष्ट दिसतं, म्हणून ते घालतात. पण आयोडीन पेशीला मारतं. रिक्तिकेभोवतीचं नाजूक पटल निकामी होतं आणि आतलं सगळं एकमेकांत मिसळतं. मुलं ओळीनं चौकटी काढतात, प्रत्येकीत एक ठिपका काढतात, आणि ‘रिक्तिका’ हे नाव पुस्तकात पाहून मोकळ्या जागेकडे बाण करून लिहितात. जी गोष्ट समोर उरलेलीच नाही, तिला नाव देऊन गुण मिळतात. यात मुलांचा काही दोष नाही, त्यांना दुसरं काही दाखवलंच जात नाही.

याउलट ऱ्हिओचं पान घ्या. हिरव्या पाठीचं आणि जांभळ्या पोटाचं हे शोभेचं झाड प्रयोगशाळेत नेहमी असतं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. तो साध्या पाण्याच्या थेंबात ठेवला की षट्कोनी पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात. हा रंग अँथोसायनिनचा आणि तो पूर्णपणे रिक्तिकेतच असतो, त्यामुळे इथे रिक्तिका वेगळी रंगवावी लागत नाही. मधेमधे पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या, रक्षक पेशी हिरव्या दिसतात. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट द्रावणाचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्यायचं. डोळा भिंगावरून काढायचा नाही. आधी कोपऱ्यांत जांभळा रंग भिंतीपासून किंचित सुटतो. मग सगळ्या बाजूंनी आत सरकतो, आकसतो, आकसताना गडद होत जातो, आणि काही मिनिटांत प्रत्येक चौकटीत एक गोलसर, जवळजवळ काळपट जांभळा गोळा उरतो. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात. लगेच मिठाचं पाणी टिपून साधं पाणी सोडलं तर तो गोळा पुन्हा फुगत फुगत भिंतीला जाऊन टेकतो. फार वेळ मिठात राहिला तर टेकत नाही, रंग हळूहळू सगळीकडे पसरतो आणि फिका होतो. ती पेशी मेली. कितीही वेळा पाहिलं तरी या ठिकाणी मी थांबायचे.

हा प्रयोग अभ्यासक्रमात आहे. पण वेळ नाही या कारणानं तो गाळला जातो, किंवा पुढच्या टेबलावर एकच मायक्रोस्कोप लावून सगळ्या वर्गाला रांगेनं एकेक नजर टाकायला सांगतात. रससंकोच ही घडत जाणारी गोष्ट आहे. एका नजरेत मुलाला त्यातला एकच क्षण दिसतो आणि तो फोटोसारखाच असतो.

पेशी मेल्यावर रंग पसरतो, त्या अर्थी ती जिवंत असताना कोणीतरी तो अडवून धरत होतं. ते काम रिक्तिकेच्या पटलाचं, म्हणजे टोनोप्लास्टचं. डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी १८८५ साली दाखवून दिलं की रिक्तिकेला तिचं स्वतंत्र पटल असतं. सोऱ्याच्या दाट द्रावणात भोवतीचं पेशीद्रव्य मेल्यावरसुद्धा रिक्तिका आपल्या पटलासकट काही काळ शाबूत राहते, हे त्यांनी पाहिलं. हे पटल म्हणजे नुसतं वेष्टण नाही. त्यात प्रोटॉन पंप बसवलेले असतात. एक पंप एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्च करून हायड्रोजन आयन (म्हणजेच प्रोटॉन) आत ढकलतो, तर वनस्पतींत दुसरा पायरोफॉस्फेटवर चालतो. त्यामुळे बाहेर पेशीद्रव्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ७.२ ते ७.५ असताना रिक्तिकेच्या आत तो ५ ते ५.५ च्या आसपास असतो. लिंबाच्या रसाळ पेशींत तर तो २.५ च्याही खाली जातो, आणि त्याच पेशीत अगदी लगत, काही नॅनोमीटर जाडीच्या पटलापलीकडे, केंद्रक आणि तंतुकणिका उदासीन पेशीद्रव्यात सुखरूप असतात. आयनांच्या या चढउतारावर बाकीची वाहतूक चालते. साखर, पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, नायट्रेट, सेंद्रिय आम्लं यांसाठी पटलात वेगवेगळी प्रथिनं असतात, पाण्यासाठी तर वेगळी दारंच आहेत. पेशी यासाठी क्षणोक्षणी ऊर्जा मोजते. निव्वळ साठवणीच्या पिशवीसाठी एवढा खर्च कोण करील?

या खर्चातून सर्वांत आधी मिळतो तो दाब. रिक्तिकेत विरघळलेले पदार्थ जास्त, म्हणून परासरणानं पाणी आत येतं, रिक्तिका फुगते आणि पेशीद्रव्याला भिंतीवर दाबून धरते. हा दाब साधारणपणे ३ ते १० वातावरणदाबांइतका असतो. मोटारीच्या चाकात भरलेल्या हवेचा दाब २ वातावरणांच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. लाकूड नसलेलं कोवळं रोप, पान, फुलाची पाकळी ताठ उभी असते ती या दाबावर. पाणी मिळालं नाही की ते कोमेजतं, ते याच दाबाच्या उतरण्यानं. लाजाळूचं पान मिटतं तेव्हा देठाच्या तळाशी असलेल्या फुगवट्यातल्या एका बाजूच्या पेशींमधून आयन आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर पडतं. पर्णरंध्रं उघडतात तेव्हा रक्षक पेशींच्या रिक्तिकांत पोटॅशियम भरतं. श्वसन, बाष्पोत्सर्जन, अन्न तयार करणं, या सगळ्यासाठीची हवा आणि वाफ पानात मुख्यतः त्या दारांतून ये-जा करते, आणि ती दारं उघडमिट करते रिक्तिका.

वाढीचंही तसंच. कोवळ्या पेशीत अनेक बारक्या रिक्तिका असतात. पेशी मोठी होताना त्या एकत्र येतात आणि पाणी घेत पेशीला आतून ताणतात. पेशी अनेक पटींनी लांब होते, पण प्रथिनांनी भरलेलं महागडं पेशीद्रव्य तेवढ्या पटीनं वाढवावं लागत नाही. शिवाय ते कडेला पातळ थरात पसरल्यामुळे हरितलवकं हवेच्या अगदी जवळ येतात आणि कार्बन डायऑक्साइडला फार आत जावं लागत नाही. झाडं स्वस्तात मोठी होतात ती या युक्तीमुळे, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

साठवण होतेच, ते मी नाकारत नाही. पण साठवण म्हटलं की पडून असलेला माल डोळ्यांसमोर येतो, आणि इथे तसं काही नाही. पानफुटीचं उदाहरण घ्या. तिचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारपर्यंत आंबटपणा जातो, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी प्रत्यक्ष पानं चाखून नोंदवली. त्यांचं ते पत्र १८१५ साली छापलं गेलं. आज आपल्याला कारण माहीत आहे. ही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रं रात्री उघडते, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत भरते आणि दिवसा दारं बंद करून तेच आम्ल बाहेर काढून प्रकाशसंश्लेषणाला वापरते. म्हणजे रोज भरायचं आणि रोज रितं करायचं.

मिठाचंही असंच. सोडियम पेशीद्रव्यात वाढलं की विकरं (एन्झाइम) बिघडतात, पण तेच रिक्तिकेत कोंडलं तर उपयोगी पडतं, कारण त्यामुळे पाणी आत ओढलं जातं. २००१ साली संशोधकांनी सोडियम रिक्तिकेत ढकलणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण टोमॅटोच्या रोपांत वाढवलं, तेव्हा ती रोपं २०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यावर वाढली, फुलली आणि त्यांना फळं धरली. समुद्राच्या पाण्यातल्या मिठाच्या जवळजवळ ४० टक्के खारटपणा होतो हा. कॅल्शियमही पेशी रिक्तिकेत राखून ठेवते आणि संदेश द्यायचा असेल तेव्हाच थोडं बाहेर सोडते.

रिक्तिका फक्त झाडांच्या पेशीत असते, असा समज लेखातून होऊ शकतो, म्हणून पॅरामेशियमबद्दल दोन शब्द. गोड्या पाण्यातल्या या एकपेशीय जीवाला भित्तिका नाही. पाणी सतत आत शिरत असतं आणि ते बाहेर काढलं नाही तर तो फुटेल. त्याच्या दोन आकुंचनशील रिक्तिका आळीपाळीनं फुगतात आणि रिकाम्या होतात. भोवतीच्या किरणांसारख्या नलिका आधी भरतात, मग मधला गोल, मग तो एकदम नाहीसा होतो, आणि काही सेकंदांत पुन्हा सुरुवात. पाण्यात थोडं मीठ मिसळलं की वेग मंदावतो, कारण आत येणारं पाणीच कमी होतं. आठवीतल्या मुलालाही हे दाखवता येतं. मी दाखवलेलं आहे, मुलं मायक्रोस्कोप सोडायला तयार नसतात.

आता ज्या माणसासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले, त्याच्याकडे येते. योशिनोरी ओसुमी. यीस्टच्या रिक्तिकेच्या पटलातून पदार्थ कसे ये-जा करतात, यावर ते काम करत होते. १९८८ साली टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. त्यांचा प्रश्न साधा होता: रिक्तिकेत एवढी पाचक विकरं आहेत, तर ती नेमकं काय पचवतात? त्यांनी यीस्टचा असा प्रकार घेतला ज्याच्या रिक्तिकेत ही पाचक विकरं काम करत नाहीत, त्याला उपाशी ठेवलं आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही तासांत रिक्तिका बारक्या बारक्या गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत थरथरत हलत होते. उपाशी पेशी स्वतःच्याच पेशीद्रव्याचे तुकडे पटलात गुंडाळून रिक्तिकेत टाकत होती. विकरं धड असती तर ते तुकडे पचून त्यांतली अमिनो आम्लं परत वापरात गेली असती आणि कोणाला काही दिसलंच नसतं. हे काम १९९२ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी ही क्रिया बिघडलेले यीस्टचे १५ प्रकार वेगळे काढून त्यांनी तिच्यामागची जनुकं शोधण्याचा रस्ता मोकळा केला. २०१६ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं ते याच कामासाठी.

माणसाच्या पेशीत हे काम लयकारिका, म्हणजे पाचक विकरांच्या बारक्या पिशव्या, करतात, आणि यीस्टमध्ये सापडलेली बहुतेक जनुकं थोड्या फरकानं आपल्यातही आहेत. जुनी झालेली प्रथिनं, खराब तंतुकणिका मोडून त्यांतलं कामाचं ते परत घेणं, हे प्रत्येक पेशीचं रोजचं जगणं आहे. हे सगळं उलगडलं ते कोणीतरी जिवंत रिक्तिकेकडे बघत बसलं म्हणून. आयोडीन घातलेल्या पेशीत ते थरथरणारे गोळे कधीच दिसले नसते.

रिक्तिका नसेल तर काय होतं, हेही तपासून झालं आहे. २००१ साली ॲराबिडॉप्सिस या रोपात असं एक जनुक सापडलं, जे बिघडलं तर पेशींत रिक्तिकाच तयार होत नाहीत. असे भ्रूण बीजातच मरतात. यीस्टमध्ये आई-पेशी फुटव्याला आपल्या रिक्तिकेचा एक भाग देते. तो पोहोचला नाही तर नवी पेशी आधी स्वतःची रिक्तिका घडवते आणि मगच पुढच्या विभाजनाकडे वळते, असं २०१५ च्या संशोधनात आढळलं. आणि म्हातारपण? यीस्टच्या पेशीचं वय वाढू लागतं तेव्हा अगदी सुरुवातीलाच रिक्तिकेची आम्लता घटते, हे २०१२ साली दाखवलं गेलं. आम्लता घटली की अमिनो आम्लं आत साठवता येत नाहीत. त्यांतलं सिस्टीन पेशीद्रव्यात वाढलं की पेशीला लोह मिळणं अवघड होतं आणि तंतुकणिका बिघडू लागतात, हे त्याच दिशेनं पुढे झालेल्या कामातून २०२० साली कळलं. पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून आपण तंतुकणिकांचं कौतुक करतो. त्या धडधाकट राहतात ते रिक्तिकेच्या जिवावर, हे वाक्य आपल्या लेखात असायला हवं होतं.

काही पेशींना मरावंच लागतं, तेही काम रिक्तिकाच करते. खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात. भिंती जाड झाल्यावर त्या पेशीची रिक्तिका फुटते, आतली विकरं सुटतात, केंद्रकासकट सगळं पचवतात, आणि पोकळ नळी तयार होते. विषाणूची लागण झालेल्या पानातही काही वेळा लागण झालेली पेशी रिक्तिका फोडून स्वतःला संपवते आणि रोग तिथेच थांबतो. तंबाखूच्या पानातली ही यंत्रणा २००४ साली स्पष्ट झाली.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. चित्र पुन्हा छापाल तेव्हा वनस्पतिपेशीत रिक्तिका मधोमध आणि खऱ्या प्रमाणात काढा, केंद्रक कडेला सरकवा, आणि रिक्तिकेचं पटल वेगळ्या रेषेनं दाखवून त्याला नाव द्या. शिक्षकांना विनंती अशी की कांद्याचा पापुद्रा आधी साध्या पाण्यात दाखवा, उजेड थोडा कमी करून. पेशीद्रव्याचे बारीक धागे आणि त्यांतून सरकणारे कण दिसतील. मग न्यूट्रल रेडचं अगदी सौम्य द्रावण घाला. पाणी किंचित अल्कधर्मी असावं. हा रंग पटलं ओलांडून आत शिरतो, रिक्तिकेच्या आम्लात त्याला विद्युतभार येतो, मग त्याला परत बाहेर पडता येत नाही, आणि फक्त जिवंत पेशींच्या रिक्तिका लाल होतात. आयोडीन सगळ्यात शेवटी, त्याच पापुद्र्यावर. मुलांनी आधीचं आणि नंतरचं अशी दोन चित्रं काढावीत.

ज्यांच्याकडे ऱ्हिओ नाही, त्यांनी बीटचे तुकडे करावेत आणि कापताना निघालेला रंग जाईपर्यंत ते धुवावेत. गार पाण्यात ते तुकडे तासन् तास राहिले तरी पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की पाणी लाल होतं, कारण उष्णतेनं पटलं निकामी होऊन रिक्तिकेतला रंग सुटतो. याला मायक्रोस्कोपही लागत नाही. पुरवणीत या प्रयोगासाठी जागा देणार असाल, तर द्रावणांची प्रमाणं आणि पायऱ्या नीट लिहून पाठवायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक